कोरड्या नाल्याची वाट

हिमालयाच्या उंच रांगांपलीकडे लडाख हा शीत वाळवंटाचा प्रदेश पसरला आहे. पावसाळी ढग या रांगा ओलांडून क्वचितच येतात. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेह नगरात वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणून तेथील बहुतेक घरे उन्हात वाळविलेल्या कच्च्या विटांची व सपाट मातीच्या छपरांची असत. डोंगरातून उतरणारे नाले बहुधा कोरडे राहत. त्यांच्या वाटेवर हळूहळू वस्ती झाली होती.

२०१० सालच्या ५ ऑगस्टची रात्र होती. मध्यरात्रीच्या सुमारास डोंगरावर मुसळधार पाऊस कोसळू लागला. उघड्याबोडक्या उतारांवर पाणी अडवावयास झाडझाडोरा नव्हता. चिखल व मोठमोठे धोंडे घेऊन लोंढे नाल्यांतून खाली धावले. झोपेत असलेल्या माणसांना सावरावयास अवधीच मिळाला नाही. लेहचे बसस्थानक उद्ध्वस्त झाले, रुग्णालयात चिखल शिरला, जवळच्या चोगलमसर गावातील कित्येक घरे गाळाखाली गाडली गेली. दोनशेहून अधिक माणसे प्राणांस मुकली.

नवल असे की, लेहच्या विमानतळावरील पर्जन्यमापकात त्या रात्रीच्या पावसाची नोंद अवघी १२.८ मिलिमीटर झाली! ढगफुटीचे स्वरूपच असे असते. बाष्पयुक्त हवा डोंगराला अडून वेगाने वर चढते व तिचे उंच, काळेकुट्ट ढग बनतात. वर जाणारा प्रवाह जलबिंदूंना काही काळ तोलून धरतो. तो क्षीण होताच सारे पाणी एकदम खाली येते. वीस-तीस चौरस किलोमीटरांच्या टापूत तासाभरात १०० मिलिमीटर वा अधिक पाऊस पडला, तर हवामानशास्त्रज्ञ त्यास ढगफुटी म्हणतात. टापू इतका लहान असल्यामुळे तिची नेमकी जागा व वेळ आधी सांगणे अत्यंत कठीण असते. रडारने ढगांवर नजर ठेवता येते. तथापि इशारा मिळतो तो थोडाच वेळ आधी.

ढगफुटी रोखणे मनुष्याच्या हाती नाही. हानी कमी करणे मात्र आहे. नाल्याचे पात्र मोकळे ठेवावे. घर काठापासून दूर व उंचावर बांधावे. गावात धोक्याची सूचना देण्याची सोय असावी आणि सुरक्षित जागेची वाट मुलांनाही ठाऊक असावी. पाणी वाढू लागताच सामानाचा मोह सोडून तत्काळ उंचावर जावे. नाला कितीही वर्षे कोरडा असला, तरी तो अखेर पाण्याचाच मार्ग होय. एवढे ध्यानी ठेवले, तर अनेक प्राण वाचतील.

स्वाध्याय
१. विमानतळावर पावसाची नोंद अल्प का झाली?
२. लेहमधील हानी कोणत्या कारणांनी वाढली?
३. वाक्यांत उपयोग करा : प्राणांस मुकणे, नजर ठेवणे.