दसरा-दिवाळीतला आमचा हजेरीपट



भित्तिपत्रकाच्या दर अंकात आम्ही एक पाठ देतो. मागच्या वेळी पर्जन्यमापकाचा दिला होता, तो पुष्कळांनी वाचला. या वेळी बाई म्हणाल्या, "गणपती उठल्यापासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत शाळेत काय काय झाले ते लिहा." आम्ही सातवीची मुले लिहायला बसलो, पण नुसती कार्यक्रमांची यादी व्हायला लागली. अमुक दिवशी झेंडा झाला, तमुक दिवशी सफाई झाली. ती यादी तर सगळ्यांना पाठच आहे. मग बाईंनी कपाटातून हजेरीपट काढला आणि टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "यात सगळे लिहिलेले आहे. वाचता येते का बघा."

आम्हाला वाटले, यात काय वाचायचे? नावे आणि चौकोन! पण बसून बघितले तेव्हा कळले की हजेरीपट दोन तऱ्हेने वाचता येतो, उभा आणि आडवा.

उभा वाचला की एक दिवस कळतो. त्या दिवशी किती मुले आली, किती नाही आली. आडवा वाचला की एक मूल कळते. गैरहजराच्या चौकोनात बाई 'गै' लिहितात. एखाद्या ओळीत 'गै' कुठे कुठे पडले ते बघितले की त्या घरी काय चालले असेल याचा अंदाज येतो.

आता थोडे गणित. समजा, एका वर्गाचा पट ३० आहे. पाच दिवसांची हजेरी २८, २७, २९, २१ आणि २० अशी आहे. बेरीज १२५. भागिले ५, म्हणजे सरासरी हजेरी २५. पटावर शेकडा काढली तर ८३.३३. साहेब तपासणीला येतात तेव्हा हाच आकडा बघतात. बरा आकडा आहे.

आता दुसरा वर्ग घ्या. पट तोच ३०. तिथे पाचही दिवस २५ मुले आली. बेरीज १२५, सरासरी २५, शेकडा ८३.३३. आकडा तोच. पण आडवे वाचले तर काय दिसते? तीच पाच मुले पाचही दिवस नाहीत. पहिल्या वर्गात आज हा चुकला, उद्या तो चुकला, तर चुकलेला धडा शेजारच्याच्या वहीतून उतरून घेता येतो. दुसऱ्या वर्गातल्या पाच जणांना ते कसे जमणार? सरासरी खोटे बोलत नाही, पण सगळे सांगतही नाही. हे आम्हाला पुस्तकातल्या उदाहरणांत कधी कळले नव्हते.

असो. आधी उभे वाचू.

१७ सप्टेंबरचा स्तंभ जवळजवळ भरलेला आहे. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. त्या दिवशी सोयाबीन काढणीला आलेले असले तरी माणसे पोरांना शाळेत पाठवतात, कारण झेंडा असतो. आपला जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला तरी आपण झालो नव्हतो. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरच्या बाजूने आत आली. पहिल्याच दिवशी नळदुर्ग हाती आला, आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती दिली.

या लढ्यात शाळेचाही वाटा आहे, तो मात्र सगळ्यांना माहीत नसतो. संस्थानात सरकारी कारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. अशा काळात १९२१ साली हिप्परगा गावी, म्हणजे आजच्या लोहारा तालुक्यात, राष्ट्रीय शाळा निघाली. पुढे स्वामी रामानंद तीर्थ तिथे मुख्याध्यापक होते. तेच नंतर हैदराबाद स्टेट काँग्रेसचे पुढारी झाले. खेड्यातल्या शाळेतले गुरुजी निजामापुढे उभे राहिले, हे वाचून आमच्या वर्गातल्या एकाने विचारले, "बाई, त्या शाळेचा हजेरीपट असंल का कुठं?" बाईंनाही ते सांगता आले नाही. पण प्रश्न चांगला होता म्हणून इथे लिहिला.

३० सप्टेंबरला परिपाठात दोन मिनिटे उभे राहतो. १९९३ साली त्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास भूकंप झाला. किल्लारी लातूर जिल्ह्यात, सास्तूर आपल्या जिल्ह्यात. सुमारे दहा हजार माणसे गेली. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक दमून झोपले होते. घरे दगड-मातीची, वर मातीचे जड माळवद. भिंतीत चुना-सिमेंट नाही, त्यामुळे हादरा बसताच भिंत फुटली आणि माळवद खाली आले. हा विज्ञानाचाच धडा आहे. आमच्या वर्गातल्या एकाची आजी लोहाऱ्याकडची. ती अजून माळवदाखाली झोपत नाही, पडवीतच बाज टाकते. त्या दिवशी शाळेत बाकाखाली बसून डोके झाकायचा सराव घेतला. पहिलीची पोरे हसत होती. हसू द्या, बसायला तर शिकली.

मग सोयाबीन. इथून स्तंभ विरळ होत जातात. सोयाबीनची शेंग वाळली की तडकते आणि दाणा रानात सांडतो. त्यात परतीचा पाऊस कधी येईल नेम नाही. त्यामुळे ज्याचे रान आहे तो घाई करतो आणि ज्याचे नाही तो गुत्त्याने काढायला जातो. दोन्ही घरांत लहान भावंडांना सांभाळायला कोणीतरी लागते. आम्ही आठवड्याचे वार लावून बघितले. सगळ्यात कमी हजेरी बाजाराच्या दिवशी असेल असे वाटले होते, पण तसे नव्हते. पाऊस उघडल्यावरचा दुसरा दिवस सगळ्यात रिकामा होता. रान वाफशावर आले की वर्ग रिकामा. पर्जन्यमापकाची वही आणि हजेरीपट शेजारी ठेवून हे कळले, म्हणजे मागचा पाठ वाया गेला नाही.

नवरात्रात तुळजापूरला चालत जाणारी माणसे आपल्याला नवी नाहीत. कोजागरीच्या पौर्णिमेला तर सोलापूरकडून आणि कर्नाटकातून येणाऱ्यांनी रस्ते भरून जातात. आपल्यातली काही मुले घरच्यांबरोबर जाऊन आली, त्यांचे दोन-दोन 'गै' पडलेत. त्यांनी येताना वर्गाला प्रसाद आणला, म्हणून त्याबद्दल कोणी काही बोलले नाही.

शाळेत आम्ही घटाचा प्रयोग केला. घरी घट बसवतात तेव्हा रानातली माती आणून त्यात धान्य पेरतात. नऊ दिवसांनी कोंब चांगले उंच होतात, पण रंग पिवळट. का? बाईंनी दोन डब्यांत सारखी माती, सारखी ज्वारी आणि सारखेच पाणी घालायला सांगितले. एक डबा कपाटात ठेवला, एक ओसरीवर उजेडात. कपाटातले कोंब वीतभर वाढले, पिवळे आणि लुळे. ओसरीवरचे आखूड, पण हिरवे आणि ताठ. झाडाला हिरवेपणा उजेडाने येतो. अंधारात ते उजेड शोधत नुसते उंच होते, बियाण्यातला साठा संपला की संपले. देवघरात उजेड कमी, म्हणून घटाचे कोंब पिवळे.

या प्रयोगाची मोजणी ज्या मुलीने केली, तिच्यामुळेच पुढचे लिहायचे आहे. तिने नऊ दिवस रोज सकाळी घंटेआधी येऊन पट्टीने कोंब मोजले. एक दिवसही चुकवला नाही, दसऱ्याची सुट्टी होती तरी ओसरीवरचा डबा बघून गेली. ती माझ्याच बाकावर बसते. तिचे नाव लिहीत नाही. गावाला माहीत आहेच.

तिची ओळ आडवी वाचली. या सत्रात दोनच 'गै' आहेत. एक तिला ताप होता तेव्हाचा आणि एक तिच्या लहान भावाला ताप होता तेव्हाचा. मग बाईंनी मागच्या वर्षीचा पट काढला. पहिल्या सत्रात तशीच स्वच्छ ओळ. दिवाळीनंतर एक पूर्ण पान 'गै'. पुढचे पान 'गै'. त्याच्या पुढचेही. पाडव्यानंतर ती परत दिसते. तिच्याखाली आणखी दोघांच्या ओळी तशाच आहेत.

हे सगळ्यांना ठाऊक असलेलेच आहे, पण पटावर असे ओळीने दिसले तेव्हा वर्गात कोणी बोलेना.

पावसाळ्यात मुकादम येतो आणि उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. घेतलेली उचल फडात ऊस तोडून फेडायची. दसरा झाला की टोळ्या जमायला लागतात आणि दिवाळीच्या मागे-पुढे ट्रॅक्टर लागतात. कोणी सोलापूर, पुणे, साताऱ्याकडे, कोणी सांगली-कोल्हापूरला, कोणी कर्नाटकात. भूम, परंडा, वाशी, कळंबकडची माणसे जातात, शेजारच्या बीड जिल्ह्यातली तर फारच. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत तिथेच कोपीत राहायचे. आपले दुसरे सत्र दिवाळीनंतर सुरू होते आणि उन्हाळ्याला संपते. म्हणजे ऊस आणि दुसरे सत्र एकाच दिवसांत चालतात. दोन्ही ठिकाणी हजर कसे राहणार?

तिने आम्हाला तिकडचा दिवस सांगितला. आई-वडील पहाटे अंधारातच फडात जातात. ती भाकरी थापते, पाणी भरते आणि भावाला सांभाळते. दुपारी फडात जाऊन वाढे गोळा करते, त्याच्या पेंढ्या विकल्या की तेल-मिठाचे भागते. बाईंनी जाताना तिला शिक्षण हमी पत्रक दिले होते. ते दाखवले की जिथे जाल तिथल्या शाळेत बसवून घेतात. पण एक फड संपला की दुसरा, आणि शाळा दर वेळी लांब. पत्रक पेटीत घडी घालून ठेवले होते, तसेच परत आणले. ती आली तेव्हा आमचे अपूर्णांकांचे सगळे संपले होते. ती महिनाभर मान खाली घालून बसायची. आता तिला अपूर्णांक येतात, माझ्यापेक्षा बरे येतात, पण ते तिने या जून-जुलैत मधल्या सुट्टीत केले.

आई-वडिलांना नावे ठेवणे सोपे आहे. आम्हीही आधी ठेवली. तिची आई बाईंना भेटायला आली तेव्हा आम्ही व्हरांड्यात होतो. ती म्हणाली, "बाई, ल्हान व्हती तवर कुणाच्याबी दारात ठिवली असती. आता पोरगी मोठी झाली. कुणाच्या जिवावर ठिवू? आन् बारक्याला कोण बघंल?" यावर आमच्यापैकी कुणालाच काही उत्तर सुचले नाही. तुम्हाला सुचते का बघा.

बाईंनी मग हंगामी वसतिगृहाचे सांगितले. ज्यांचे आई-वडील ऊसतोडीला जातात त्या मुलांसाठी ते हंगामापुरते गावातच चालते, शाळा व्यवस्थापन समितीकडून. जेवणखाण तिथे होते. मूल गावात राहते आणि नाव आपल्याच पटावर राहते. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क आहे. ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुले त्यातून वगळलेली नाहीत.

तिची आजी दारातच बसली होती. तिला नीट दिसत नाही. ती म्हणाली, "म्या हाय की. भाकरी तितं खाईल, झोपाय माझ्यापाशी यील. बारक्याबी ऱ्हाऊ द्या, त्येला बालवाडीत बसवा." आई काही बोलली नाही. पदराने तोंड पुसले आणि म्हणाली, "ह्यांना इचारते."

सहामाहीचा शेवटचा पेपर परवा झाला. तिने वसतिगृहाचा अर्ज स्वतःच भरला, अक्षर माझ्यापेक्षा चांगले आहे. त्यानंतर बाईंनी वसतिगृहाची यादी केली, ती या भित्तिपत्रकाच्या उजव्या बाजूला लावली आहे. सहा नावे आहेत. चौघांच्या पालकांच्या सह्या झाल्या. पाचव्याचे वडील आज सभेला आलेले दिसतात.

सहावे नाव तिचे. आजीने अंगठा केला आहे. वडिलांची सही राहिली आहे. "सबेला येतो" असे ते काल तिला म्हणाले. मुकादमाचा ट्रॅक्टर भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी लागणार आहे.

यादीच्या खाली खिळ्याला दोरीने पेन बांधून ठेवले आहे.

— इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी
(हजेरीपट मोजायला सगळ्या वर्गाने मदत केली.)