जुना ट्रॅक्टर दुरुस्त करावा का?
(इयत्ता ४ थी)



आमच्या घरी एक जुना ट्रॅक्टर आहे. माझे वय १० आणि त्याचे २२. गेल्या मार्चमध्ये नांगरट करताना तो निळा धूर सोडू लागला. सकाळी लवकर चालू होईना. ऑइल तर रोज टाकावे लागे.

घरात दोन मते झाली. काका म्हणाले, "घाला हा भंगारात, नवा घेऊ." वडील म्हणाले, "अरे, मागच्या सालीच ४० हजारांचे टायर टाकले. आता कसा सोडायचा?" नव्यासाठी आईचे दागिने गहाण ठेवावे लागणार होते. आई काहीच बोलली नाही. मी ही गोष्ट गुरुजींना सांगितली. ते म्हणाले, "हा तर गणिताचा पाठ आहे. आधी हिशेब मांडा, मग ठरवा."

१) नेमके काय बिघडले?
मिस्त्रींनी मला धुराची ओळख करून दिली. काळा धूर म्हणजे डिझेल पुरते जळत नाही. कधी नुसता एअर फिल्टर तुंबलेला असतो. ते काम थोडक्यात भागते. निळा धूर म्हणजे इंजिनातले ऑइल जळते. ऑइल दुधासारखे दिसले तर त्यात पाणी शिरले असे समजावे.
आमच्या ट्रॅक्टरच्या रिंगा आणि लायनर झिजले होते. क्रँक चांगला निघाला. तो गेला असता तर खर्च फार वाढला असता. मिस्त्रींनी ५४,००० रुपये सांगितले. "नीट वापरला तर पाच वर्षे तरी बघायला नको," असेही म्हणाले.

२) सुटे भाग मिळतात का?
हे आधी विचारावे. गुरुजींनी एक माहिती दिली. हरियाणात पिंजोर येथे एच. एम. टी. या सरकारी कारखान्यात १९७१ सालापासून ट्रॅक्टर बनत. २०१६ साली सरकारने तो ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचे ठरवले. कारखाना बंद झाला की पुढे भाग शोधावे लागतात. आमच्या ट्रॅक्टरचे भाग तालुक्याला मिळाले.

३) पैसे किती वाचतील?
आमची शेती ५ एकर आहे. भाड्याच्या ट्रॅक्टरने वर्षाचा खर्च असा :
नांगरट, ५ एकर × २,००० = १०,०००
रोटर दोन वेळा, १० एकर × १,५०० = १५,०००
कांदा लासलगावला नेणे, १० खेपा × १,००० = १०,०००
एकूण ३५,००० रुपये.
घरच्या ट्रॅक्टरला डिझेल, ऑइल व किरकोळ काम मिळून १९,००० लागतात. म्हणजे १६,००० वाचतात. लोकांचे २० एकर काम केले, तर एकरी हजार सुटून आणखी २०,००० मिळतात. दोन्ही मिळून ३६,०००. दीड वर्षात ५४,००० वसूल!
गुरुजींनी विचारले, "लोकांचे काम मिळालेच नाही तर?" मी पुन्हा हिशेब केला. १६,००० × ४ = ६४,०००. तरी चार वर्षांच्या आत पैसे फिटतात.
नवा ट्रॅक्टर सहा लाखांच्या आसपास होता. त्याचा हप्ता वर्षाला लाखाच्या वर बसत होता. तेवढे काम आमच्या पाच एकरांत नाही.

४) टायरचे ४० हजार कुठे धरायचे?
कुठेच नाही. आबा म्हणाले, "गेला पैसा मोजून नांगर चालत नाही." टायर टाकले म्हणून दुरुस्ती करायची नाही. पुढे काय वाचेल तेवढेच बघायचे. क्रँकही गेला असता, तर नवे टायर असूनही आबा ट्रॅक्टर विकणार होते.

मग इंजिन बांधून घेतले. त्याला आता वर्ष होत आले. निळा धूर थांबला. पण लोकांचे काम १२ एकरच मिळाले. म्हणून १६,००० + १२,००० = २८,००० झाले. दीड नाही, पण दोन वर्षांत पैसे फिटतील. रोज सकाळी ऑइल बघायचे काम माझ्याकडे आहे. आईचे दागिने घरातच आहेत.

मित्रांनो, तुमच्या घरी जुनी मोटार, पंप किंवा सायकल असेल, तर टाकण्याआधी आणि दुरुस्तीआधीही असा हिशेब करून बघा. काही वेळा उत्तर 'विका' असेही येईल. ते आले तरी मानावे.