अतिस्थौल्य, शस्त्रकर्म आणि वैद्याचे कर्तव्य

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या २१ व्या अध्यायात अतिस्थूलाच्या आठ दोषांत अतिक्षुधेचीही गणना केली आहे. मेदाने स्रोतसे रुद्ध झाली की वायू कोष्ठात संचार करून अग्नी प्रदीप्त करतो. खाल्लेले त्वरित पचते आणि रुग्ण पुन्हा अन्न मागतो. ही संप्राप्ती ध्यानात ठेवून आधुनिक शस्त्रकर्माकडे पाहावे, असे आम्हांस वाटते.

स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत आमाशयाचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढतात. क्षुधा चेतविणारे घ्रेलिन मुख्यतः त्याच भागात निर्माण होते. म्हणजे केवळ पात्र लहान होत नाही, भूकही मंदावते. गॅस्ट्रिक बायपासमध्ये आमाशयाची लहान पिशवी करून ती लघ्वंत्राच्या पुढील भागास जोडतात. पट्टा बसविण्याची पद्धत आता मागे पडली आहे. (सुश्रुतसंहितेत यांचे मूळ शोधण्याचा मोह टाळावा. उदरपाटन तेथे आहे, पण त्याचे प्रयोजन निराळे.)

भारतीयांसाठी बी.एम.आय. ३७.५, किंवा मधुमेहादी उपद्रव असता ३२.५, ही मर्यादा दीर्घकाळ मानली गेली. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी आशियाई लोकांसाठी ती २७.५ पर्यंत खाली आणली. बी.एम.आय. ४५ असून झोपेत श्वास अडकणाऱ्या रुग्णास उद्वर्तन व गुग्गुळकल्पांवर वर्षानुवर्षे थांबवून ठेवणे आम्हांस मान्य नाही.

आपली खरी कसोटी शस्त्रकर्मानंतर लागते. रुग्ण केस गळणे, चक्कर, वारंवार छर्दी अशा तक्रारी घेऊन येतो. ही छर्दी पित्तज समजून शमनचिकित्सेत दिवस दवडू नयेत. अन्न टिकत नसल्यास थायमिनचा क्षय शीघ्र होतो. दृष्टी दुहेरी होणे, तोल जाणे, संभ्रम ही लक्षणे दिसताच रुग्णालयात शिरेवाटे थायमिन मिळालेच पाहिजे, आणि तेही ग्लुकोजच्या आधी. बायपासनंतर कित्येक वर्षांनीही आतडे आत अडकू शकते. अशा रुग्णाच्या तीव्र उदरशूलात बस्ती देऊ नये, शल्यचिकित्सकाकडे पाठवावे.

वजन अद्याप अधिक दिसले तरी हा रुग्ण आता क्षयाच्या वाटेवर असतो. वमन, दीर्घ लंघन व रूक्षण त्यास वर्ज्य समजावे. मधुमेहाच्या औषधांची मात्रा बहुधा घटवावी लागते, ती संबंधित चिकित्सकाच्या संमतीने. लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्व ड आणि बी-१२ आजन्म चालू ठेवावयाचे असतात. 'आता आयुर्वेद सुरू केला' म्हणून रुग्ण ते बंद करतो, त्यास स्पष्ट मना करावे. लोहभस्म वा मंडूर दिले म्हणून निश्चिंत राहू नये. आम्ल घटलेले असते, शोषणही घटते. हिमोग्लोबिन, फेरिटिन व बी-१२ यांची तपासणी वर्षातून एकदा तरी करवून घ्यावी.