सुटकेनंतरचें जीवन

पंडिता रमाबाईंचें नांव काढलें कीं आपणांस त्यांचें संस्कृत पांडित्य व कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांस दिलेल्या पदव्या आठवतात. प्रस्तुत लेखांत मात्र केडगांव येथील त्यांच्या कार्याचा एकाच दृष्टीनें विचार करावयाचा आहे. विकल्या गेलेल्या, फसविल्या गेलेल्या किंवा छळलेल्या स्त्रीची सुटका झाल्यावर पुढें काय?

१८९६-९७ सालीं मध्य प्रांतांत भीषण दुष्काळ पडला. रमाबाईंनीं तरुणपणीं दुष्काळांतच आपले आईबाप गमावले होते. ती आठवण त्यांस स्वस्थ बसूं देईना. तिकडे जाऊन पाहतात तों भुकेइतकाच क्रूर असा दुसरा शत्रु उभा! निराधार मुलींना अन्नाचें आमिष दाखवून वाममार्गास नेणारे लोक मदतीच्या छावण्यांभोंवतीं टपून होते. आज आपण ज्यास मानवी व्यापार म्हणतों तो हाच. रमाबाईंनीं शेंकडों मुली व विधवा तेथून आणिल्या. पुण्यांत तेव्हां प्लेगचे निर्बंध होते, म्हणून फळबागेसाठीं घेतलेल्या केडगांवच्या जमिनीवर त्यांची सोय केली. १९०० सालच्या गुजराथेंतील दुष्काळानंतर तर आश्रमांतील संख्या दीड हजारांवर गेली.

अन्न, वस्त्र व औषध हीं पहिल्या कांहीं आठवड्यांचीं कामें. खरें अवघड काम त्यानंतरचें. जिचा विश्वासघात आप्तांनींच केला, ती परक्याच्या दयेवर विश्वास कसा ठेवील? फार दिवस उपाशी राहिलेलें मूल भरल्या ताटासमोरही भाकरीचा तुकडा लपवून ठेवितें. त्यास कृतघ्नपणा म्हणूं नये. अशा मनास उपदेशानें धीर येत नाहीं. उद्यांही जेवण मिळेल, उद्यांही कोणी मारणार नाहीं, हें रोजच्या अनुभवानेंच पटावें लागतें. केडगांवास शाळा होती, तसेच उद्योगही होते: विणकाम, शिवण, शेती, दुभतीं जनावरें, तेलाचा घाणा, छापखाना. अंध स्त्रियांस ब्रेल लिपि शिकवीत. ज्या हातांस कसब येतें त्यांस दलालाची भाकरी लागत नाहीं, हें त्यामागचें साधें गणित होतें.

समाज ज्यांस ‘पतित’ म्हणे त्यांच्यासाठीं तेथें ‘कृपासदन’ हें निराळें घर होतें. हा ‘पतित’ शब्द प्रस्तुत लेखकास नेहमींच खटकत आला आहे. ढकललेलीस पडलेली म्हणणें हा कोठला न्याय?

पुढें काळ बदलला. भारतीय संविधानाच्या २३ व्या कलमानें मानवी व्यापार निषिद्ध झाला व १९५६ च्या कायद्यानें संरक्षणगृहें स्थापण्याची सोय झाली. परंतु गृहाचा कोंडवाडा होण्यास वेळ लागत नाहीं. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयानें मे २०२२ मध्यें राज्यांस आदेश दिला कीं, अशा गृहांची पाहणी करावी आणि ज्या प्रौढ स्त्रियांना इच्छेविरुद्ध ठेविलें असेल त्यांच्या सुटकेची व्यवस्था करावी. कोठें राहावें, काय शिकावें, घरीं परत जावें कीं नाहीं, हें तिला विचारलेंच पाहिजे. कित्येकदां विकणारा घरांतलाच असतो. तेव्हां ‘घरीं पोहोंचविली’ एवढ्यानें काम संपत नाहीं. लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रीचें नांव प्रसिद्ध करणें हाही आपल्या कायद्यानें गुन्हा ठरविला आहे. अशी एखादी मुलगी उद्यां आपल्या वर्गांत येऊन बसली, तर तिची कहाणी विचारण्याचा मोह टाळावा; गणिताची वही मात्र अवश्य दाखवावी.

केडगांवच्या छापखान्याविषयीं एक गोष्ट सांगावयाची राहिली. रमाबाईंनीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलाचें मराठी भाषांतर केलें. त्याचे खिळे जुळविण्याचें काम आश्रमांतील स्त्रियाच करीत. त्यांपैकीं कित्येकींस येथें येईपर्यंत अक्षरओळखही नव्हती. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजीं निवर्तल्या. तो ग्रंथ १९२४ सालीं बाहेर पडला.