सहा चले आणि पदांची गर्दी

प्रश्न : माझ्या फलनात सहा चले आहेत. प्रत्येकासाठी दहाव्या घातापर्यंतच्या लेजान्द्र बहुपदी घेऊन त्यांचे गुणाकार वापरतो. संगणक अडकतो. काय करू?

उत्तर : अडकणारच! ११ चा सहावा घात म्हणजे १७,७१,५६१ सहगुणक, आणि त्यांतले बहुतेक फुकटचे ओझे. फलन गुळगुळीत असेल, तर सगळी चले एकदम वरच्या घातात गुंतलेली पदे सहसा नगण्य असतात. म्हणून घातांची बेरीज १० पर्यंतच ठेवा. ८,००८ पदे उरतील. मी तर बेरीज ३ पासूनच सुरुवात करीन, तिथे पदे जेमतेम ८४.

लेजान्द्रसारख्या लंब बहुपदींचा मोठा फायदा असा, की नवी पदे जोडली तरी आधीचे सहगुणक बदलत नाहीत. मात्र हे संकलनाने काढलेल्या सहगुणकांपुरतेच खरे. विखुरलेल्या बिंदूंवरच्या किमतीच हाती असतील, तर न्यूनतम वर्ग पद्धत वापरा आणि बिंदू पदांच्या निदान दुप्पट घ्या, नाहीतर बहुपदी बिंदूंमधल्या जागेत वाटेल तशी उसळते.

चले यादृच्छिक आणि प्रसामान्य वितरणाची असतील, तर लेजान्द्रऐवजी हर्मिट बहुपदी बऱ्या. फलनात कुठे उडी असेल, तर मात्र घात वाढवत बसू नका. क्षेत्राचे तुकडे करा.