सुकटीचा डबा

१९७२ साली आमच्याकडे पाऊस पडला नाही. त्याच्या आदल्या सालीही तो बेताचाच होता. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. आमचे गाव पुणे जिल्ह्यातच, शिरूरच्या बाजूला. विहिरी आटल्या, गुरे विकली गेली. आई-वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. सरकारने परदेशातून तांबडी मिलो आणली होती. तिची भाकरी लालसर होई आणि गार झाली की वातड लागे. कामावर सुकडी वाटत, ती गोड असे, आम्ही पोरे तिच्यावर तुटून पडायचो. पण भाकरीबरोबर खायचे काय? डाळ परवडत नव्हती. भाजीचे नाव नव्हते. दूध गुरांबरोबरच गेले होते.

आमच्या घरात फळीवर एक पत्र्याचा डबा होता. त्यात आई सुकट ठेवी. रात्री ती मूठभर सुकट तव्यावर भाजायची, तिखट-मीठ आणि असला तर कांदा घालायची. आम्ही घरात सहा माणसे, आणि सुकट मूठभर. पण तेवढ्यावर भाकरी घशाखाली उतरे. "सुकट हाय तवर पोरं उभी राहत्याल," असे आई म्हणायची. तिला अक्षर येत नव्हते. पण ती बोलत होती ते खरे होते. ते का खरे होते, हे मला पुष्कळ वर्षांनी समजले.

सुकट म्हणजे काय? आपण देशावरची माणसे. समुद्र पुष्कळांनी पाहिलेला नसतो. आपल्याला वाटते, सुकट म्हणजे बारका मासा. पण तो मासा नव्हे. तो जवळा. कोळंबीच्या नात्यातला, बोटाच्या पेराएवढा जीव. तो वाळवला की सुकट होते. कोळंबी सोलून वाळवली की सोडे होतात. बोंबील मात्र खरा मासा.

हे सगळे येते कोकणच्या किनाऱ्यावरून. वर्सोवा, उत्तन, वसई, अर्नाळा, सातपाटी ही कोळ्यांची गावे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, आणि जून-जुलैत मासे वाढावेत म्हणून यांत्रिक होड्यांना बंदीही असते. नारळी पौर्णिमेला कोळी बांधव समुद्राला नारळ देतात. मग होड्या निघतात. भरती-ओहोटीच्या धारेत डोल नावाचे मोठे जाळे लावतात. त्याचे तोंड मोठे आणि शेपूट निमुळते. पाण्याच्या ओढीबरोबर बोंबील आणि जवळा त्यात शिरतात.

ओला बोंबील हातात धरून पाहा. लिबलिबीत लागतो. शंभर ग्रॅम बोंबलात जवळजवळ नव्वद ग्रॅम पाणीच असते. असा मासा संध्याकाळपर्यंत टिकत नाही. एका दिवशी टोपल्याच्या टोपल्या भरून आला तर करायचे काय? कोळणींनी यावर फार जुना तोडगा काढला आहे. किनाऱ्यावर बांबू रोवून त्यांना आडव्या दोऱ्या बांधतात. त्याला वलांडी म्हणतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवतात आणि ती जोडी दोरीवर टांगतात. खिळा नको, सुतळी नको. बोंबलाच्या दातांचाच आकडा! ऊन आणि वारा दोन्ही बाजूंनी लागतो. चार-पाच दिवसांत बोंबील काठीसारखा कडक होतो. शंभर ग्रॅमचे जेमतेम पंधरा ग्रॅम उरतात. ही मेहनत बहुतेक बायांची असते. आभाळ आले तर सगळा माल उतरवा, ऊन पडले की पुन्हा टांगा. अवकाळी पाऊस आला तर महिन्याची कमाई एका रात्रीत कुजते. आपण बाजारात दोन रुपयांसाठी घासाघीस करतो तेव्हा हे ध्यानात असू द्यावे.

मासा नासतो तो डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंमुळे. जंतूंना जगायला पाणी लागते. पाणी काढून घेतले की जंतू वाढत नाहीत. आपल्या बाया उन्हाळ्यात कुरडया, सांडगे, पापड वाळवतात, त्यातले शास्त्र हेच.

आता आईच्या बोलण्याकडे वळू. अंगाची झीज भरून काढायला आणि पोरांची वाढ व्हायला प्रथिने लागतात. शंभर ग्रॅम तूरडाळीत ती बावीस ग्रॅमच्या आसपास असतात. सुक्या बोंबलात साठ ग्रॅमच्या आसपास. कोणी म्हणेल, शंभर ग्रॅम बोंबील एका बसणीला कोण खातो? बरोबर आहे. वीस ग्रॅम खाल्ला तरी सुमारे बारा ग्रॅम प्रथिने मिळतात, म्हणजे दोन अंड्यांइतकी. शिवाय जवळा आपण कवचासकट खातो आणि बोंबलाचे काटे मऊ असतात, तेही पोटात जातात. त्यातून हाडांना लागणारे कॅल्शियम मिळते. दुधाविना आम्ही सहा जण तो दुष्काळ काढून आलो, त्यात या डब्याचा वाटा होता.

मात्र दोन माणसांनी जपावे. ज्याला रक्तदाब आहे त्याने खारवलेला मासा टाळावा. खाऱ्या बांगड्यात मीठ फार असते. आणि ज्याला कोळंबी खाल्ल्यावर अंगाला खाज सुटते किंवा ओठ सुजतात, त्याने जवळ्याच्या वाटेला जाऊ नये.

विकत घेताना काय पाहावे? चाकण, मंचर, जुन्नरच्या आठवडे बाजारात सुकी मासळी घेऊन बसणाऱ्या बाया असतात. पुण्यात गणेश पेठेत मासळीचा बाजार आहे, कॅम्पात शिवाजी मार्केट आहे. कुठेही घ्या, पण हातात घेऊन पाहा. बोंबील वाकवला तर कट्‌कन मोडला पाहिजे. नुसताच वाकला तर आत ओल आहे. ओलसर माल वजनाला जड भरतो, म्हणजे पैसे पाण्याचे जातात, आणि आठ दिवसांत त्यावर बुरशी येते. खाऱ्या माशावर गुलाबी-लाल डाग असतील तर घेऊ नका. तळाशी भुसा आणि किडे दिसले तरी घेऊ नका. जवळा मुठीत चोळून पाहा, वाळू किती लागते ते कळेल. जमिनीवर वाळवलेल्या मालात वाळू जास्त, जाळीवर वाळवलेल्यात कमी.

घरी आणल्यावर मृगाच्या आधी दोन दिवस कडक ऊन द्या. बोंबलाचे डोके-शेपूट काढून टाका. गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात भरा. गरम असताना भरले तर आत वाफ धरते. काढताना ओला हात डब्यात घालू नये. पावसाळ्यात मध्येच ऊन पडले की डबा पुन्हा बाहेर काढावा. किडे होऊ नयेत म्हणून कोणी कोणी ढेकणाची नाहीतर शेतातली पावडर फासतात. असे कधीही करू नका. ती पावडर धुतल्याने जात नाही.

करायची रीत तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. जवळा निवडा, भाजा, दोन-तीन पाण्यांतून धुऊन पिळा, कांदा-लसणावर परता. उन्हाळ्यात वर कैरी. बोंबील गरम पाण्यात भिजवून वांग्याबरोबर. बस्स. पुण्यात आमच्या वाड्यात सुकट भाजली की समोरचे बिऱ्हाड दार लावून घ्यायचे. लावोत बापडे. त्यांच्याकडे हिंगाची फोडणी पडायची तेव्हा आम्ही कुठे दार लावत होतो?

हा पाठ मी वर्गात तोंडी सांगितला होता तेव्हा एका मावशींनी विचारले, "गुरुजी, शहरात पत्र्याच्या डब्यात मासा मिळतो म्हणे. तो तर ओला असतो. मग तो कसा टिकतो?"

प्रश्न चांगला होता. त्याचे उत्तर असे. जंतूंना दोन वाटांनी आवरता येते. एक, त्यांचे पाणी काढून घ्या. दोन, त्यांना उष्णतेने मारा आणि बाहेरून नवे आत येऊ देऊ नका. दुसरी वाट फ्रान्स देशातल्या निकोला आपेर नावाच्या माणसाने दाखवली. हा पेशाने आचारी आणि मिठाईवाला. त्याने अन्न बाटल्यांत भरले, बुचे घट्ट बसवली आणि बाटल्या उकळत्या पाण्यात पुष्कळ वेळ ठेवल्या. अन्न महिनोन्‌महिने टिकले. १८१० साली त्याला सरकारने बारा हजार फ्रँकचे बक्षीस दिले. गंमत अशी, की अन्न का टिकते हे त्यालाही ठाऊक नव्हते. जंतूंची गोष्ट लुई पाश्चरने पुढे पन्नास वर्षांनी उलगडली. १८१० सालीच इंग्लंडमध्ये बाटलीऐवजी पत्र्याचा डबा वापरण्याचा हक्क नोंदवला गेला.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सामन नावाचा मासा आहे. तो नदीत जन्मतो, समुद्रात मोठा होतो आणि अंडी घालायला पुन्हा आपल्या जन्माच्या नदीत येतो. येतो तोही एकाच हंगामात, थव्याने. म्हणजे तिथेही आपल्या कोळ्यांसारखीच अडचण. थोड्या दिवसांत मासाच मासा, मग करायचे काय? आपल्याकडे ऊन होते म्हणून वलांडी आली. तिकडे १८६४ साली कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटो नदीवर सामन डब्यात भरायला सुरुवात झाली. माशाचे तुकडे कच्चेच डब्यात घालतात, थोडे मीठ टाकतात, झाकण पक्के बंद करतात. मग मोठ्या बंद भांड्यात वाफेच्या दाबाखाली शिजवतात. आपल्या कुकरसारखेच, पण जास्त वेळ. तिथली उष्णता उकळत्या पाण्याहून पुष्कळ जास्त असते. काटेसुद्धा मऊ होतात, ते चावून खाता येतात. मासा पौष्टिक आहे, त्यातले तेल काळजाला चांगले.

पण आपण त्यासाठी जीव टाकायचे कारण नाही. तसले तेल आपल्या तारलीत आणि बांगड्यातही असते. आपल्याकडे काही ठिकाणी रावसालाच सामन म्हणून विकतात, पण त्या दोघांचे नाते नाही. डब्यातला मासा प्रवासाला सोयीचा, एकट्या राहणाऱ्या पोराला सोयीचा. रोजच्या घराला सुकट स्वस्त पडते.

माझा एक जुना विद्यार्थी जहाजावर नोकरीला आहे. त्याने मला सामनचा एक डबा आणून दिला. आमच्या मंडळींनी तो फळीवर ठेवला आणि आम्ही विसरलो. पुष्कळ दिवसांनी तो हाती लागला. झाकण फुगीर झाले होते. मी म्हटले, "महागाची वस्तू आहे. उघडून वास घेऊ, जरा चाखून पाहू." मंडळींनी डबा माझ्या हातातून काढून घेतला, चष्मा लावला आणि तळाची तारीख वाचली. मुदत केव्हाच संपली होती. त्या म्हणाल्या, "मुख्याध्यापक झालात, पण तारीख वाचायची तुम्हाला सुचली नाही."

त्यांचे चुकले नाही. डबा फुगतो याचा अर्थ आत जंतू वाढून वायू झाला आहे. अशा अन्नात कधी कधी असे जहर तयार होते, की त्याला वास नसतो, रंग नसतो, चव नसते. चाखून पाहणे हीच मोठी चूक. थोडेसे पोटात गेले तरी माणूस मरू शकतो. फुगलेला, गळणारा किंवा शिवणीवर चेपलेला डबा उघडूच नये. कुत्र्या-मांजरांनाही घालू नये. चांगला डबा उघडला तर मासा दुसऱ्या भांड्यात काढावा. घरी फ्रिज नसेल तर त्याच जेवणाला संपवावा.

आणि डब्यावरचे लिहिलेले वाचावे. आजकाल सुकटसुद्धा पुडक्यात मिळते, त्यावरही हे असते. माल कधी भरला ती तारीख, तो कधीपर्यंत खावा ती तारीख, निव्वळ वजन, किंमत. चौकोनातला हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, चौकोनातला तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी. अन्नखात्याच्या परवान्याचा चौदा आकडी क्रमांक. एक अडचण तुम्हाला येईल. आपण वर्गात मराठी आकडे आधी शिकतो आणि पुडक्यावर इंग्रजी आकडे असतात. म्हणून ते नऊ आकडे आणि शून्य पाठ करा. एका संध्याकाळचे काम आहे.

पुढच्या खेपेला मी वर्गात सुकटीचे एक पुडके घेऊन गेलो आणि त्या मावशींच्या हाती दिले. त्यांनी ते दिव्याजवळ धरले. बोट फिरवत एक एक आकडा वाचला. मग बोटांच्या पेरांवर महिने मोजले.

"अजून तीन महिनं हायेत, गुरुजी. चालंल," त्या म्हणाल्या. मग पुन्हा पुडके फिरवून पाहिले. "पण ह्याच्यावर शंभर ग्रॅम लिवलंय. तेवढं हाय का आत? कोणी तरी वाण्याकडनं तराजू आणा."

एक जण उठला आणि तराजू आणायला गेला.