पुली हातात घेण्याआधी

बाळा, उद्यमनगरात शेड घेतलीस, लेथ बसवलंस, फार बरं वाटलं. आता पुलीची कामं येतील. ओतून घ्यायची, राउंड बारमधून टर्न करायची की प्लेट जोडून करायची, हे नग, फेरे आणि काम यांवरून ठरव. आपलं मशीन रिकामं आहे म्हणून कधी ठरवू नकोस.

आधी नग विचार. शंभर मिलिमीटरच्या आतली एखाद-दुसरी पुली असेल, तर बारमधून सरळ टर्न कर. मोठ्या व्यासाला तसं केलंस तर अर्धाअधिक पैसा बुरादा होऊन जातो. मोठी पुली एकच हवी असेल, तर आधी फौंड्रीत जुना पॅटर्न विचार. आपल्या कोल्हापुरात ऑइल इंजिन आणि उसाच्या घाण्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या पुल्या ओतल्या गेल्यात. जवळच्या मापाचा पॅटर्न बऱ्याचदा मिळून जातो. नाहीच मिळाला तर प्लेट आणि हब वेल्डिंगने जोड. दहा-वीस नगांना लाकडी पॅटर्न पुरतो. शेकड्यांनी लागणार असतील तर ॲल्युमिनियमचा करून घे, तो लवकर झिजत नाही. पॅटर्नच्या मापात आकसण धरायला विसरू नकोस. बीड थंड होताना मीटरला साधारण 10 मिलिमीटर आकसतं.

मग फेरे विचार. साध्या बिडाच्या पुलीचा कडेचा वेग सेकंदाला 30 मीटरच्या आत ठेव. 1440 फेऱ्यांच्या मोटरवर 400 मिलिमीटरची पुली नेमकी त्या हद्दीवर येते. त्यापुढे बीड नको. एसजी आयर्न किंवा स्टील घे.

काम कसलं तेही बघ. घाण्याला जड बिडाची पुली चांगली, मोळी आत गेल्यावर तिचं वजनच फेरा टिकवून धरतं. सारखं चालू-बंद होणाऱ्या मशीनला हलकी दे.

खाचेत हयगय करू नकोस. व्ही-पट्टा 40 अंशांचा असतो, पण लहान पुलीवर वळताना तो आतून फुगतो. म्हणून तिथे खाच 34 अंशांची, मोठ्या पुलीला 38 ची. पट्टा बाजूंनी धरला पाहिजे, तळाला टेकला की घसरलाच.

बोअर आणि खाचा एकाच सेटिंगमध्ये कर. वेल्डिंगची पुली असेल तर सगळं वेल्डिंग आधी, फिनिशिंग मग. मी एकदा घाईत खाचा आधी काढल्या आणि हब नंतर वेल्ड केला. पुली वाकली, पट्टा आठवड्यात फाटला आणि गिऱ्हाईक कायमचं गेलं.

ओतीव नग आला की हातोडीने हलकं वाजवून बघ. बद्द आवाज आला तर तडा समज. खाचेत पोकळी निघाली तर लांबी भरून लपवू नकोस, नग परत कर. शेवटी बॅलन्सिंग करून घे.

पुलीशेजारी उभं राहून कुणीतरी दिवसभर काम करणार असतं. म्हणून पट्ट्याला जाळी बसवायला सांगितल्याशिवाय बिल फाडू नकोस.